पुढचं डावं चाक

विल्बर, नेब्रास्का
८ एप्रिल

रॉली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकलं नाहीस, असं धरून लिहिते आहे. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. जे काही यायचं ते वकिलांकडून आलं. आजही कामापुरतंच लिहिणार आहे.

तुझी एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी अजून मागच्या शेडमध्येच आहे. ताडपत्री दोनदा बदलली. पुढचा डावा कोपरा तसाच चेपलेला आहे, त्याला मी हात लावलेला नाही. कागदोपत्री गाडी आजही तुझ्या नावावर आहे आणि आता मॅरेनला ती हवी आहे.

मोडीत काढायला नाही. चालवायला.

लिंकनजवळच्या जुन्या विमानतळावर एक क्लब आहे. रिकाम्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून वेडावाकडा रस्ता आखतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून त्यातून सोडतात. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. तू कधी तिकडे फिरकला नसशील, तुला सरळ रस्त्यावर पळवण्याचंच वेड होतं. तिथे सरळ काही नसतं. नुसती वळणं. मॅरेनच्या जनावरांच्या दवाखान्यातली एक मैत्रीण तिला घेऊन गेली आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "मग एखादी लहान गाडी घे. ती दोन टनांची म्हैस कशाला?"

ती म्हणाली, "आई, त्या गाडीने माझा पाय मोडला. आता मी तिला वळायला शिकवणार आहे."

तिचा डावा पाय अजून आखूडच पडतो. थंडीत जास्त. तू वर्षातून दोनदा भेटतोस तेव्हा ती तुझ्यासमोर नीट चालायचा प्रयत्न करत असेल. माझ्यासमोर करत नाही.

मालकीचा कागद सोबत आहे. तिच्या नावावर करायची असेल तर खुणेच्या जागी सही कर. करायची नसेल तर तसाच ठेव, मी तिला समजावीन.

ट्वायला


२९ एप्रिल

रॉली,

कागद मिळाला. सही आहे आणि बाकी काहीही नाही. पाकीट उलटं करून झटकलं, तरी काही पडलं नाही.

एक कबूल करते. तू सही करणार नाहीस असं मी धरून चालले होते. तू नाही म्हणशील, मॅरेन चार दिवस तुझ्यावर चिडेल आणि गाडी ताडपत्रीखाली राहील. तुझ्या खांद्यावर एक आणखी ओझं. सवयच झालीय मला.

असो. मॅरेनने क्लबातल्या ऑरिन स्टुटहाइटला आणलं. सत्तरीचा माणूस, पूर्वी टपाल वाटायचा. आता शर्यतीच्या सकाळी प्रत्येक गाडी तपासून पास-नापास करणं त्याच्याकडे असतं. दर शनिवारी येतो, माझे जॅम भरलेले कोलाचे पाव खातो आणि गाडीला शिव्या घालतो.

ताडपत्री काढल्यावर तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ट्वायला, ही गाडी कारखान्यातून आली तेव्हाही वळत नव्हती. फक्त वळायचा विचार करायची."

मग त्याने मॅरेनला खडूने जमिनीवर चित्र काढून दाखवलं. वळताना अशी जड गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. तेव्हा बाहेरच्या चाकाचा माथा आत झुकायला हवा, म्हणजे टायर पूर्ण रुंदीने जमीन धरतो. हिच्यात उलटं होतं. माथा बाहेर जातो आणि सगळा भार टायरच्या एका कडेवर येतो. म्हणून चाक धरून ठेवणारे वरचे कंट्रोल आर्म बदलायचे, आर्म आणि चाक जोडणारे बॉल जॉइंट उंच घालायचे, पुढच्या स्प्रिंगा कडक करायच्या, पुढे गाडीला कलंडू न देणारा जाड अँटी-रोल बार टाकायचा. मागचं मुद्दाम मऊ ठेवायचं, म्हणजे शेपटी पुढे येणार नाही. स्टिअरिंग बॉक्सही नवा. आत्ताचं स्टिअरिंग चार वेळा फिरवावं लागतं, तोवर तीन शंकू आडवे झालेले असतात.

मॅरेन वहीत लिहून घेत होती. चेहरा अगदी तू बिघडलेला पंप उघडून बसायचास तेव्हाचा.

मग ऑरिन डाव्या कोपऱ्यात वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. म्हणाला, "इकडचा खालचा बॉल जॉइंट कुठाय?"

"भंगारात गेला," मी म्हटलं.

"पूर्ण? नटासकट?"

"ऑरिन, अकरा वर्षं झाली. मला काय माहीत?"

त्याने रिकाम्या जागेत बोट फिरवलं. मी हातातला कोलाचे खाली ठेवला आणि ताडपत्रीची घडी घालायला लागले.

शाळेच्या बसगॅरेजमध्ये आता मला 'तीनदा-ट्वायला' म्हणतात. ठाऊक नसेल तुला. प्रत्येक नट तीनदा तपासते. नवीन पोरं हसतात. सकाळी सव्वीस बस बाहेर पडतात आणि शेवटची परत येईपर्यंत मला नाश्ता जात नाही.

तुला हे कशासाठी सांगते आहे, कळत नाही.

ट्वायला


२० मे

रॉली,

गाडी चार चाकांवर उभी आहे. आर्म बसले, स्प्रिंगा बसल्या, बॉक्स बसला. चाकांचे कोन आम्ही दोरी आणि पाणसळ लावून शेडमध्येच मोजले, पुढची दोन्ही चाकं वरून किंचित आत झुकवली. समोरून बघितलं तर गाडी मांड ठोकून बसल्यासारखी दिसते. क्लच मात्र तोच, दगडासारखा. मॅरेन डाव्या पायाने दाबते तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम येतो. ऑरिन म्हणाला, "एकदाच दाबायचाय पोरी. सुटताना. मग दुसऱ्या गिअरमध्येच सगळं आटपतं." तरी मी ऑटोमॅटिक गिअरचं नाव काढलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाने पुसायला घेतले.

काल धान्यकोठाराच्या मागच्या आवारात पहिली चाचणी झाली. ऑरिनने सहा शंकू मांडले आणि टायरच्या कडांवर खडूने रेघा ओढल्या. किती खडू पुसला जातो त्यावरून टायर किती कलंडतो ते कळतं आणि मग हवा कमी-जास्त करता येते. मी कोठाराच्या पत्र्याला पाठ लावून उभी होते.

पहिली फेरी सावकाश. दुसरी जरा जोरात. तिसऱ्या फेरीला डावीकडून उजवीकडे वळताना टायर किंचाळले. एवढंच झालं, रॉली. टायर किंचाळले. ते किंचाळतातच.

मी पळत सुटले. दोन्ही हात वर करून गाडीच्या समोर. मॅरेनने ब्रेक दाबला, बंपर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"वेडी आहेस का तू?" ती खिडकीतून ओरडली. "मारलं असतं तुला मी!"

"चाक हललं. डावं. मी बघितलं."

"नाही हललं!"

ऑरिनने जॅक लावला, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाक धरून हलवलं, नट पाहिले. काही नव्हतं. खडू जिथे पुसायला हवा तिथेच पुसला होता. तो मला म्हणाला, "काम चोख आहे तुझं." एखाद्याला बरं वाटावं म्हणून बोलतात तसं.

मॅरेन उतरली. गाडीला टेकून पाय सैल करत होती. अगदी हळू म्हणाली, "आई, तुला एवढं कसलं भ्यायला होतं? तेव्हा गाडीत मी होते. तू नव्हतीस."

शर्यत ऑगस्टमध्ये आहे. ती माझ्या हातच्या कामावर बसून जाणार.

मी तुला एप्रिलपासून पत्रं का लिहिते आहे ते मला नीट ठाऊक आहे, आणि दर वेळी पाकीट चिकटवलं की मी सुटल्यासारखा श्वास घेते. आजही तसंच होईल असं दिसतंय.

ट्वायला


२ जून

रॉली,

बसून वाच.

त्या वर्षी सप्टेंबरात तू ट्रक घेऊन कॅन्ससला गेलास आणि जाताना मला म्हणालास, खालचे बॉल जॉइंट आलेत, वेळ मिळाला तर टाकून ठेव. मंगळवारी उजवा टाकला. बुधवारी डावा. खिळा खाचेत बसवला, नट हाताने फिरवून लावला आणि पाना उचलणार एवढ्यात घरात फोन वाजला. माझ्या बहिणीचा होता, आई न्हाणीघरात पडली म्हणून. अर्धा तास बोलत होते. परत आले ते चाक चढवूनच मोकळी झाले. माझ्या डोक्यात तो नट आवळलेला होता. आवळलेला नव्हता. नट फिरू न देणारी स्प्लिट पिनही घातली नव्हती.

असा खिळा निमुळता असतो, आपल्या खाचेत घट्ट रुतून बसतो. तुला माहीत आहे. म्हणून तू परत आल्यावर गुरुवारी आणि शुक्रवारी गाडी फिरवलीस तेव्हा काही कळलं नाही. शनिवारी तू मॅरेनला घेऊन काकांकडे गेलास. येताना, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, चाक आत दुमडलं.

तू दोन बिअर घेतल्या होत्यास. शेरीफच्या माणसाला वास आला आणि मग कुणी वाकून बघितलं नाही. 'वेगात होता, प्यायलेला होता.' सगळ्या गावाला पुरलं तेवढं. मलाही.

मॅरेनचं दुसरं ऑपरेशन चालू होतं त्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. तोवर गाडी शेडमध्ये आणून टाकली होती. मी वाकले. खिळ्याचे आटे कोरे होते. ओरखडा नाही, काही नाही. नट तुटला नव्हता, सुटला होता. पिनेचं भोक रिकामं. आणि पिन कामाच्या टेबलावर पत्र्याच्या ताटलीत पडलेली होती, नवी, पाय सरळ असलेली.

मी तो बॉल जॉइंट खोलला. पुलावर गेले आणि ब्लू नदीत टाकला. पिनही टाकली. मग कपडे घेऊन दवाखान्यात आले. तू बाकावर बसला होतास. तू म्हणालास, "ट्वायला, मी काय केलं गं हे?" आणि मी तुझ्या शेजारी बसले नाही. उभी राहिले.

कोर्टात शपथेवर विचारलं, गाडीची अवस्था कशी होती. मी म्हटलं, चांगली होती, मी स्वतः बघते. माझ्या त्या वाक्यावर तुझा ट्रकचा परवाना गेला, ट्रक गेला आणि मॅरेन वर्षातून दोन भेटींवर आली, त्याही तिसऱ्या माणसासमोर.

पहिल्यांदा भीती वाटली की मॅरेनला माझ्यापासून काढून घेतील. नंतर ती भीतीही उरली नाही. नंतर नुसती सवय होती.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

ट्वायला


२३ जून

रॉली,

तू बजावलं आहेस की परत लिहू नकोस. हे एक लिहिते, कारण तू सांगितलेलं मी केलं की नाही ते तुला कळायला हवं.

तुझी चार वाक्यं मी पाठ केली आहेत. 'अकरा वर्षं मला वाटत होतं की मी स्टिअरिंग ओढलं. अजून माझे हात झोपेत वळतात. मॅरेन त्या गाडीत बसायच्या आत तिला सांग, नाहीतर मी सांगेन. मला परत लिहू नकोस.'

मला वाटायचं तू संशय तरी घेतला असशील. सतत यंत्रं उघडणारा माणूस तू. कधीतरी मनात आलंच असेल की चाक आपोआप दुमडत नाही. मी त्या संशयाची अकरा वर्षं वाट पाहत होते. तू तो कधी घेतलाच नाहीस. माझ्या कामावर तुझा इतका भरवसा होता.

रविवारी जेवताना सांगितलं. ताटं वाढलेली होती. मी सांगत गेले तसा तिने काटा खाली ठेवला आणि ताटावर नॅपकिन पसरला, एखाद्या मेलेल्या जनावरावर पसरावा तसा. संपल्यावर म्हणाली, "कोणता नट? दाखव."

आम्ही शेडमध्ये गेलो. मी चाकाच्या मागे बोट केलं. ती जमिनीवर बसली, त्या पायाने तिला बसता येत नाही तरी बसली, आणि त्या नटाकडे बघत राहिली.

"बाबांनी मला उचलून रस्त्यावर आणलं," ती म्हणाली. "ते रडत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला मोडलंत. बारा वर्षांची होते मी. दवाखान्यात परत म्हटलं. तुझ्यासमोर म्हटलं, आई. तुला माहीत होतं आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

"मी त्यांच्याकडे गेले की अजून ते माझ्यासाठी गाडी चालवत नाहीत. मला न्यायला शेजारच्या बाईला पाठवतात. मला वाटायचं त्यांना माझं काही पडलेलं नाही."

तिने उठायला हात मागितला नाही. जॅकच्या दांड्याला धरून उठली आणि गेली. तिचं ताट अजून तसंच आहे, मी नॅपकिन उचललेला नाही.

तिला सांगितलं आहे, रॉली. एवढंच कळवायचं होतं.

ट्वायला


२८ जुलै

रॉली,

तू वाचतोस की फाडतोस हे आता मी विचारत नाही. लिहिलं नाही तर मी पुन्हा पहिल्यासारखी होईन याचं भय वाटतं.

पाच आठवडे मॅरेन आली नाही. फोन उचलला नाही. मी शेडला कुलूप लावलं आणि मनात कुठेतरी म्हटलं, चला, शर्यत टळली. इतकं झाल्यावरही माझ्या मनात तेच आलं. तुला खरं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून हेही सांगते.

काल सकाळी ती ऑरिनबरोबर आली. ऑरिन माझ्या डोळ्यांत बघेना, म्हणजे त्याला कळलं होतं. मॅरेन म्हणाली, "गाडीचं पुढचं सगळं मी पुन्हा खोलणार आणि पुन्हा बसवणार. तू स्टुलावर बस आणि सांग. हात लावायचा नाही."

मी स्टुलावर बसले. ती खोलत गेली. तिचे हात बारीक आहेत पण नेमके, जनावरांना टाके घालायची सवय. मी सांगायचे, हा नट इतक्या जोराचा, टॉर्क पाना लाव, 'टक' आवाज आला की थांब. आवळलेल्या प्रत्येक नटावर ती पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. ऑरिन वहीत टिकमार्क करायचा. दुपारपर्यंत कुणी जोक केला नाही. ऑरिनच्या बाबतीत हे आजारपणच समजायचं.

डावा खालचा बॉल जॉइंट तिने शेवटी ठेवला होता. खिळा बसवला. नट हाताने फिरवून लावला. आणि पाना माझ्यापुढे धरला.

"हा तू."

"मला नको, मॅरेन."

"नको हे माहीत आहे मला. म्हणून तर देतेय."

मी खाली झोपले. पाना नटावर बसेना. दोनदा घसरला, बोटाचं सालटं निघालं. ऑरिन पुढे व्हायला लागला तर मॅरेनने त्याला हातानेच थांबवलं. 'टक' झालं. पुन्हा लावला. 'टक'. भोक जुळवलं, पिन घातली, पाय दुमडले. बाहेर आले आणि शेडच्या मागे जाऊन ओकले.

परत आले तर ती गाडीखाली होती. बॅटरी धरून बघत होती. बराच वेळ. मग तिने पिवळी रेघ ओढली.

"ठीक आहे," म्हणाली. मला नाही, ऑरिनला.

ट्वायला


१९ ऑगस्ट

रॉली,

काल शर्यत झाली. मॅरेनने तुला फोन केलाच असेल. तिने सांगितलं नसेल ते सांगते.

धावपट्टीवर सकाळीच इतकं तापलं होतं की बुटांच्या तळांना चटके बसत होते. सगळ्या हलक्या, बुटक्या गाड्या आणि मध्ये आपली. एकजण म्हणाला, "ताई, ट्रॅक्टरची शर्यत पुढच्या शेतात आहे." ऑरिनने तपासणीत चाकं हलवली, वाकून पाहिलं आणि काचेवर पास चिकटवताना त्याला म्हणाला, "ट्रॅक्टरच्या मागे राहायची तयारी ठेव."

पहिल्या दोन फेऱ्या मॅरेन एकटी गेली. मी कुंपणाला धरून होते. आधी चार शंकू पाडले, मग दोन. गाडी वळत होती, रॉली. ती लांबडी, जड गाडी नाक खाली घालून वळत होती.

तिसऱ्या फेरीआधी तिने खिडकीतून दुसरं हेल्मेट पुढे केलं. "बस."

क्लबात चालतं, सोबत बसता येतं. मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. ती म्हणाली, "मी अकरा वर्षं तुझ्या भरवशावर बसले. तू एक मिनिट बस."

पट्टा आवळला. झेंडा पडला. पहिलं वळण, दुसरं, मी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं. मला रस्ता दिसतच नव्हता. मी पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते, बॉनेटच्या त्या जागेकडे, जिथून चाक जाणार. शंकूंच्या रांगेतून नागमोडी निघालो, प्रत्येक हिसक्याला मला ते तुटल्याचा आवाज ऐकू यायचा. प्रत्येक वेळी. मग शेवटचं मोठं वळण आलं, तिने जरा जास्त वेगात घेतलं, घाबरली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. मागची बाजू सुटली.

आम्ही गोल फिरलो. एकदा, दीड. आकाश, कुंपण, धूर, पुन्हा आकाश. मी किंचाळत होते. तुझं नाव घेऊन किंचाळत होते, असं ती म्हणते. गाडी उलट्या तोंडाने थांबली. इंजिन बंद. धूळ खाली बसत होती.

चारही चाकं जागेवर होती.

मॅरेन स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, मग खरंच रडायला लागली. "असंच वाटलं होतं तेव्हा," ती म्हणाली. "अगदी असंच. बाबांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं, आई. शेवटपर्यंत धरून होते. मला आत्ता आठवलं."

माझी बोटं हँडलवरून निघेनात. ऑरिनने येऊन एकेक सोडवली.

बक्षीस नाही, क्रमांक नाही, ती फेरी बादच झाली. गाडी ट्रेलरवर चढवताना ती मला म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात बाबांकडे जातेय. राहायला. किती दिवस ते माहीत नाही."

"बरं."

"आणि तू कोर्टात जा. मला सांगितलंस, त्यांना सांगितलंस. आता जिथे खोटं बोललीस तिथे सांग."

मी बरं म्हटलं. तिने ट्रेलरचे पट्टे ओढून बघितले. प्रत्येक पट्टा तीनदा ओढला.

ट्वायला


२४ सप्टेंबर
कोर्टाच्या बाहेरचा बाक, सकाळचे दहा

रॉली,

वकील आत कागद देतो आहे आणि मी त्याच्या एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिते आहे. तो म्हणतो, इतक्या वर्षांनी बहुतेक काही होणार नाही. मग म्हणतो, पण सांगता येत नाही. 'बहुतेक' या शब्दाला किती जोर द्यायचा ते मला त्याच्या तोंडावरून कळत नाही.

काल बसगॅरेजच्या साहेबांना सांगितलं. गृहस्थ चांगला आहे. ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "ट्वायला, निकाल लागेपर्यंत तू ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम करू नयेस, एवढंच." मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सव्वीस वर्षांच्या किल्ल्या. आज सकाळी बस माझ्याशिवाय गेल्या असतील. मी आठ वाजता घड्याळ बघितलं, साडेआठला बघितलं. शेवटची बस आली की नाही हे मला कुणी कळवणार नाही.

निवेदनात नाव, तारीख, नट, नदी सगळं आहे. तुझ्यावरचा ठपका काढावा अशी विनंती खाली केली आहे. परवाना परत मिळेल का, मिळून तुला आता त्याचं काय, ते मला ठाऊक नाही. मॅरेन तिथे तुझ्याकडे आहे. तिचा पाय थंडीत दुखतो, गरम पाण्याची पिशवी नडगीला नाही, मांडीला लागते. ती स्वतःहून सांगणार नाही.

मला फार भीती वाटते, रॉली. इतके दिवस वाटायची ती पकडलं जाण्याची होती. ही वेगळी आहे. आत एक माणूस बसला असेल, मी बोलेन आणि तो लिहून घेईल. मग ते लिहिलेलं राहील. मॅरेन म्हातारी झाली तरी राहील. मला ते परत घेता येणार नाही. वाटतं उठावं, जिना उतरावा आणि गाडी काढून कुठेतरी निघून जावं. वकील बाहेर यायच्या आत जमेल. जिना बाकापासून दहा पावलांवर आहे, मी मोजलीत.

दार उघडलं. कारकून बाई आडनाव चुकीचं वाचतेय, कुबिचेकचं कुबिकेक करतेय. इथे दुसरं कुणी बसलेलं नाही, म्हणजे मलाच बोलावते आहे.



उठते.

ट्वायला